चौथ्या टप्प्यातला कॅन्सर, कविता आणि आपली माणसं : विट्याच्या एका कवयित्रीला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांच्या, विट्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नावावर दोन कवितासंग्रह. तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. आता तो मणक्याच्या आणि कमरेच्या हाडांत उतरलाय, म्हणजे चौथा टप्पा. रोज लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी, तीन आठवडे पाल्बोसायक्लिब ही कॅन्सरची वाढ रोखणारी गोळी आणि मग तिला एक आठवडा सुट्टी, शिवाय हाडांसाठीचं इंजेक्शन आणि त्यासाठी मिरजेच्या फेऱ्या. हा आजार पूर्ण जाणार नाही, पण औषधांनी बराच काळ आटोक्यात राहू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलंय. घरात हे नवऱ्याला आणि थोरल्या जाऊबाईंना माहीत आहे, बाहेर एका मैत्रिणीला. भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात कोइमतूरला, त्याला अर्धवट कळलंय. मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून कुठं बोलू नका, असा घरच्यांचा आग्रह. साहित्य मंडळाच्या बैठकांना जाणं तुम्ही बंद केलंय, कविता सुचत नाही. आणि तुम्ही विचारता, "घर माणसांनी भरलेलं आहे, तरी मला आधार कुठंच वाटत नाही. कॅन्सरवाल्यांच्या गटात जाऊ, की कवितेच्या माणसांत परत जाऊ?"

दोन्हीकडे जा. फक्त दोन्हीकडून एकच गोष्ट मागू नका. मी मिरज-सांगली भागात कॅन्सरच्या रुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या माणसांना हा आजार झाला की त्यांची एक वेगळी उपासमार होते, ती मी जवळून पाहिली आहे. त्यांना डबा मिळतो, गाडी मिळते, देवाचा अंगारा मिळतो, विचारपूस करणारे फोन येतात. पण "काय नवीन लिहिलंय, वाच की," असं म्हणणारं कोणी उरत नाही. सगळे पेशंटला भेटायला येतात आणि कवीला भेटायला कोणी येत नाही. तुम्हाला घरभर माणसं असून आधार वाटत नाही, त्याचं कारण मला तरी इथंच दिसतं. म्हणून तुम्ही आधी ऐकणारं माणूस मागा. बाकीची मदत त्यामागून लावता येते.

पण मागायचं तर सांगावं लागेल, म्हणून आधी लपवण्याचं बोलू.

आपल्याकडे कॅन्सर लपवण्याची दोन कारणं मी सतत ऐकते. लोक ताट-वाटी वेगळी करतील, आणि पोरीचं लग्न अडेल. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. स्तनाचा कॅन्सर कुणाला लागत नाही, ना भांड्यातून, ना श्वासातून, ना कुशीत झोपल्यानं. दुसऱ्या भीतीमागं 'रक्तात असतं' ही समजूत असते. तर, स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्येच तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होतो. तुम्हाला पन्नाशीच्या आत झाला, म्हणून जनुकाची चाचणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. दोष नाही निघाला तर मुलीच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. निघालाच, तर तिला वेळेत तपासण्या सुरू करता येतील आणि त्यानं जीव वाचतो. म्हणजे तिच्या भल्यासाठी जे लपवलं जातंय, ते तिला माहीत असण्यातच तिचं भलं आहे. ती मोठी आहे, पुण्यात नोकरी करते, आईचा आवाज फोनवर बदललेला तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. सगळ्यात आधी तिला सांगा. मग भावाला, पूर्ण.

बाकीच्यांना सगळं सांगायची गरज नाही. पण विट्यासारख्या गावात बातमी औषधाच्या दुकानातून, शाळेतल्या रजेच्या अर्जातून, मिरजेच्या एस.टी.त शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईकडून बाहेर पडतेच. ती दुसऱ्याच्या तोंडून जाण्याआधी तुमच्या शब्दांत गेलेली बरी. शाळेत आणि शेजारी एवढं पुरे : "मला कॅन्सर आहे, उपचार चालू आहेत, मी कामावर येते आहे, काही लागलं तर हक्कानं सांगेन." त्यापुढचे प्रश्न आले की जाऊबाईंकडे बोट दाखवा. एका माणसानं खबर सांगायची आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून घ्यायची, अशी व्यवस्था ज्या घरात बसते, तिथं पेशंटला निम्मी उसंत मिळते. प्रत्येक फोनला तीच कहाणी पहिल्यापासून सांगताना माणूस किती थकतो, हे निरोगी माणसाच्या ध्यानात येत नाही.

आता कवितेची माणसं. तुम्ही लिहिलंय की मंडळाला कळलं तर एकतर ते टाळतील, नाहीतर सत्कार करतील. तुमचा अंदाज बरोबर आहे. मी दोन्ही पाहिलंय, आणि दोन्हींच्या मागं वाईट हेतू नसतो. त्यांना काय करावं तेच कळत नाही, म्हणून जे नेहमी करतात ते करतात.

पलूस भागातल्या एका निवृत्त मास्तरांचं सांगते. मराठीचे शिक्षक, मात्रावृत्तात लिहिणारे, कविसंमेलनात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारे. जिभेचा कॅन्सर झाला, निम्म्याच्या आसपास जीभ काढावी लागली. रेडिएशननं तोंड कोरडं पडलं, जबडा दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. बोलणं घरच्यांनाच कसंबसं कळायचं. गावातल्या साहित्यिक मित्रांनी मोठ्या मायेनं कार्यक्रम घेतला, शाल, श्रीफळ, मानपत्र. एकेकानं उठून त्यांच्या कवितेबद्दल भाषण केलं, आणि सगळी भाषणं भूतकाळात. मास्तर खाली बघत बसले होते. घरी गेल्यावर त्यांनी पाटीवर लिहून मुलाला दाखवलं, "माझा दहावा झाला." त्यानंतर ते कुणाला भेटेनात. कोणी आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

हे बदललं ते एका पोरामुळे. तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला असलेला मुलगा, गझल लिहायचा, मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याला मानपत्र वगैरे काही सुचलं नव्हतं. तो आला, सोप्यात खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "सर, दुसरा शेर अडलाय." आणि वाचायला लागला. मी त्या दिवशी घरभेटीसाठी तिथंच होते. मास्तर भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होते. त्यांचा उजवा हात खाटेच्या माच्यावर होता, आणि बोटांनी मात्रा मोजणं सुरू झालं होतं. एका जागी बोट थांबलं. त्यांनी माच्यावर दोनदा टकटक केलं. पोरानं ती ओळ परत म्हटली. परत त्याच जागी टकटक. पोरगा म्हणाला, "एक मात्रा जास्त होतीय?" मास्तर वळले, उठून बसले, पाटी मागवली. पुढचा तासभर त्या शेरावर काम चाललं होतं आणि मी तिथं आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. त्यांच्या पत्नीनं मला आत बोलावून सांगितलं की ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा ते कुणावर तरी चिडलेत.

त्यानंतर मंडळाची बैठक शनिवारी त्यांच्या सोप्यात भरायला लागली. मास्तरांच्या कविता आलटून पालटून इतर जण वाचायचे, आणि चुकीच्या जागी यती, म्हणजे ओळीतला थांबा, घेतला की माच्यावर टकटक व्हायची. वाणी-उपचार आणि जबड्याचे व्यायाम त्यांनी आधी टाळले होते, तेही मग सुरू केले, कारण आता बोलण्यासाठी कारण होतं. ते पुढे दीड-दोन वर्षं जगले. मैफलीनं त्यांचं आयुष्य वाढवलं असं मी म्हणणार नाही. पण ती दीड-दोन वर्षं ते भिंतीकडे तोंड करून जगले नाहीत.

तुमच्या मंडळालाही सत्काराऐवजी काम द्या, आणि ते नेमकं सांगा. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या माणसाला खरोखर काय करावं ते ठाऊक नसतं. तुम्हाला सांगणं जड जातंय, म्हणून मी मजकूरच लिहून देते, तुमच्या पद्धतीनं बदलून सचिवांना पाठवा :

"सर, माझ्यावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत आणि ते पुढेही चालूच राहणार आहेत. मला सत्कार नको आणि मदतनिधीचं आवाहनही नको. महिन्यातून एकदा बैठक माझ्या घरी घ्याल का? पाच-सहा जणच. लिहिलेलं असेल तर मी वाचेन, नसेल तर तुमचं ऐकेन आणि नेहमीसारखं स्पष्ट बोलेन. माझ्या कवितेवरही तुम्ही तसंच बोला. तब्येतीची चौकशी पहिल्या पाच मिनिटांत उरकू."

'माझ्या कवितेवरही तुम्ही तसंच बोला' हे वाक्य काढू नका. आजारी कवीच्या कवितेला कोणी नावं ठेवत नाही, सगळे "वा, वा" म्हणतात, आणि त्यातून कवीला बरोबर कळतं की आपल्याला आता मोजत नाहीत. तुम्हाला खरं बोलणारी माणसं हवी आहेत.

आणखी एक काम त्यांच्यावर टाका. तुमच्या दोन संग्रहांबाहेरच्या कविता, दिवाळी अंकांत आलेल्या, डायऱ्यांत पडलेल्या, कुणाच्या लग्नात लिहून दिलेल्या, त्या गोळा करून टाइप करायला एखाद्या तरुण सभासदाला सांगा. अरुण कोलटकर २००४ साली पोटाच्या कॅन्सरनं गेले. त्याआधीच्या वर्ष-दीड वर्षात त्यांचे मराठी आणि इंग्रजी संग्रह एकामागून एक बाहेर आले, आणि त्यामागे अशोक शहाण्यांसारखे मित्र, त्यांचं प्रास प्रकाशन, अशी माणसं उभी होती. मित्रांनी कवीला दिलेला तो आधारच होता, कामाच्या रूपात. तुमचा आजार आटोक्यात आहे, घाई नाही, म्हणून हे निवांत आणि नीट करता येईल. मुद्रितशोधनाच्या निमित्तानं जे वाद होतील, जे फोन होतील, त्यात आधार आपोआप येतो आणि कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

भावालाही असंच काम द्या. खानापूर-विट्याची गलाईवाली माणसं देशभर पसरलेली आहेत, आणि त्यांच्या घरी दुखणं निघालं की ती पैसे पाठवतात, कारण लांबून त्यांना तेवढंच जमतं. पैसे लागतील तेव्हा जरूर घ्या. पण त्याला म्हणावं, रात्री दुकान बंद केल्यावर मला फोन कर आणि लहानपणची एक कविता म्हणून दाखव, शाळेतली कुठलीही. भावंडांना या गोष्टी पाठ असतात. झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, लेट्रोझोलनं झोपेचा त्रास बऱ्याच जणींना होतो. तो फोन झोपायच्या वेळेला लावा.

आता कॅन्सरवाल्या बायकांचा गट. इथं तुम्ही थोड्या बिचकलेल्या दिसता. "सारखं आजाराचंच बोलणं ऐकायचं का," असं विचारलंय. पण काही गोष्टी तुमच्या कविमित्रांना जन्मात सांगता येणार नाहीत आणि डे-केअरमध्ये, म्हणजे इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी घरी जायच्या विभागात, शेजारच्या खुर्चीवर बसलेली कडेगावची बाई दोन मिनिटांत सांगते. सकाळी बोटं आखडतात तेव्हा कोमट पाण्यात हात धरून ठेवायचे. ऑपरेशनच्या बाजूला ब्लाउज आतून कसा शिवून घ्यायचा. पाल्बोसायक्लिबच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आता मूळ ब्रँडपेक्षा खूप स्वस्त मिळतात, त्या कुठल्या दुकानात. नवऱ्याशी जवळीक पूर्वीसारखी राहिली नाही, हे कसं बोलायचं. हे शेवटचं तर फक्त तिथंच बोललं जातं.

गट म्हणजे पाटी लावलेली संस्थाच असली पाहिजे असं नाही. मिरजेत कॅन्सरवर उपचार करणारी रुग्णालयं आहेत, तिथं सांगली, साताऱ्याबरोबर सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. तुमच्या तारखेला दर वेळी त्याच चार-पाच जणी भेटत असतील. नंबर घ्या, पुढची तारीख एकत्र घ्या, डबा एकत्र खा. जिथं उपचार घेता तिथल्या समाजसेवा विभागात किंवा समुपदेशकाकडे विचारा, त्यांच्याकडे बरीच वर्षं चांगल्या राहिलेल्या रुग्णांची नावं असतात आणि त्यांची परवानगी घेऊन ते गाठ घालून देतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, रस्ते बंद झाले, तेव्हा कुणाच्या गोळ्या संपल्यात, कोण कुठं अडकलंय, हे पहिल्यांदा कळलं ते अशा बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून.

गटात बसण्याचा उपयोग किती, याबद्दल लोक फार मोठी आश्वासनं देतात, म्हणून खरं काय ते सांगते. १९८९ साली अमेरिकेत डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञानं तुमच्यासारखाच, शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ बायकांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आठवड्याला गटात बसून मोकळं बोलणाऱ्या बायका सरासरी जवळजवळ दीड वर्ष जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे २००१ साली कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि स्पीगल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही नाही. पण कॅनडातल्या अभ्यासात मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या होत्या, विशेषतः ज्या बायका सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांच्यात. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. आयुष्य वाढवायला गोळ्या आहेत. दुखणं आणि एकटेपणा कमी व्हावा एवढ्यासाठी जरी गटात गेलात, तरी ते कारण पुरेसं आहे.

दोन गोष्टींची मात्र तयारी ठेवा. गटावर काढे, पानं, सोडा, कुठल्याशा गावचं औषध, यांचे निरोप येणारच. मन दुखावू नये म्हणून 'धन्यवाद' म्हणा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही घेऊ नका. पाल्बोसायक्लिबचं रक्तातलं प्रमाण इतर औषधांनी आणि काही वनस्पतींनी वरखाली होतं. आणि दुसरी गोष्ट, गटातली एखादी जाईल. तेव्हा चार दिवस गट बंद ठेवावासा वाटला तर ठेवा, त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र त्या दिवसांत मैत्रिणीला किंवा मुलीला जवळ बोलवा. रात्री-अपरात्री फार कोंडलं तर टेलीमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

सुचत नाही, याबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय आणि मला वाटतं तेच तुम्हाला सगळ्यात जास्त खातंय. यातला काही भाग शरीराचा आहे, हे आधी समजून घ्या. केमोनंतर आणि हार्मोनच्या गोळ्यांवर बऱ्याच जणींना ऐन वेळी शब्द आठवत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही. बहुतेकींचं ते हळूहळू सुधारतं. सामान्य माणसाला त्याचं फार वाटत नाही, तुम्हाला वाटतं, कारण तुमचं सगळं घरच शब्दांवर उभं आहे. तुमची प्रतिभा आटली, असा त्याचा अर्थ लावू नका. सकाळी बोटं आखडलेली असताना वहीशी झगडू नका, दुपारी बसा. बसवत नसेल तेव्हा फोनवर बोलून ठेवा, मुलगी उतरवून घेईल.

१९८६ साली जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं एक साधी पद्धत तपासली, सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. कॅन्सरच्या रुग्णांवर याचे निकाल संमिश्र आहेत, काहींना बरं वाटलं, काहींना फरक पडला नाही. करून बघायला हरकत नाही, आणि त्रास वाढला तर सोडून द्या. पण तुम्ही कवी आहात, म्हणून वेगळं सांगते. ते लिखाण कवितेच्या वहीत करू नका. दुसरी वही घ्या. तिथं रडा, शिव्या द्या, हिशेब करा. कवितेच्या वहीला त्या कामाला जुंपलं की ती उघडायचीच भीती वाटते.

आणि कॅन्सरवरच लिहिलं पाहिजे असं अजिबात नाही. लोक तुमच्याकडून प्रेरणादायी कविता मागतील. एखादं मंडळ जागतिक कॅन्सर दिनाला, ४ फेब्रुवारीला, तुम्हाला बोलावेल आणि धीराचं काहीतरी वाचा म्हणेल. मन असेल तर जा. नसेल तर तुम्ही द्राक्षबागेवर लिहा, शाळेतल्या पोरांवर लिहा, येरळेच्या कोरड्या पात्रावर लिहा, किंवा वर्षभर काहीच लिहू नका आणि फक्त ऐका. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या त्यात दुखणं होतं, मरण होतं, आणि तितकाच भाऊ होता, माहेरी न्यायला येणारा मुराळी होता, पंढरीची वाट होती. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं पुरी करायची. तुमच्या डे-केअरच्या मैत्रिणींना येणाऱ्या ओव्या विचारा. सांगली-साताऱ्याच्या साठीपुढच्या बायकांच्या पोटात अजून पुष्कळ आहेत, आणि त्या उतरवून घ्यायला तुमच्यासारखी जाणती बाई त्या खोलीत दुसरी नसेल. कविमंडळ आणि आजाराचा गट यांतलं अंतर तिथं मिटेल असं मला वाटतं.

घराबाहेर जाण्याबद्दल. औदुंबरला कवी सुधांशूंच्या सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन संक्रांतीला भरतं आणि तुम्ही दरवर्षी जात होता. यंदाही जा, पण बेत करून. तुमच्या गोळ्यांनी रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, आणि सुट्टीच्या आठवड्यात त्या सावरतात. म्हणून घरची बैठक असो वा संमेलन, शक्यतो सुट्टीच्या आठवड्याच्या शेवटी, रक्ताचा रिपोर्ट बघून, डॉक्टरांना विचारून ठरवा. गर्दीत मास्क लावा, मोकळ्या हवेत कडेला बसा, सर्दी-खोकला असणाऱ्यानं तिळगूळ लांबूनच द्यावा. पाठीला टेका असलेली खुर्ची आधी सांगून ठेवा, मांडी घालून दोन तास बसू नका. आणि घरीही पाण्याची कळशी, गॅसची टाकी, पुस्तकांचे गठ्ठे उचलायचे नाहीत. शेजारणी "काय करू?" विचारतात ना, त्यांना हे सांगा.

हे दोन धोके घरातल्या प्रत्येकाला पाठ असू देत. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रुग्णालयाला फोन करायचा. आणि पाठीत अचानक वाढलेली कळ, पायांत बधिरपणा किंवा जोर कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर त्याच तासाला निघायचं. मणक्यातल्या गाठीनं मज्जारज्जू दाबला जात असेल तर काही तासांत उपचार मिळण्यावर पाय वाचणं अवलंबून असतं. हे भीती घालायला सांगत नाही. हे माहीत असलेली माणसं सोबत असली की बाकीच्या दिवशी निर्धास्त राहता येतं.

रोजच्या दुखण्यासाठी उपशामक उपचारांच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा. तो विभाग शेवटच्या दिवसांसाठी असतो ही समजूत चुकीची आहे. दुखणं, झोप, मळमळ, मनाची तगमग, सगळं ते कॅन्सरच्या उपचारांबरोबरच बघतात. दुखत असताना कुणालाही कविता ऐकू येत नाही.

पैशाचं थोडक्यात. तुम्ही जिल्हा परिषदेत आहात, वैद्यकीय प्रतिपूर्तीची बिलं वेळच्या वेळी टाका. गटातल्या इतर जणींसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रुग्णालयातला आरोग्यमित्र कागद करून देतो. एस.टी.त कॅन्सर रुग्णाला ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेनं उपचाराला जाताना रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

राहिले तुमचे यजमान. "कवितेचं राहू दे आता, आराम कर," असं ते म्हणतात, आणि त्यानं तुम्हाला लागतं. मी अशा पुष्कळ नवऱ्यांशी बोलले आहे. त्यांना कविता नको असते असं नाही. बायको थकलेली बघवत नाही आणि थांबवणं एवढंच त्यांच्या हातात उरलेलं असतं. पहिल्या बैठकीला त्यांना बाहेर बसवू नका, आत बसवा, आणि तुमची आवडती जुनी कविता त्यांनाच वाचायला द्या. नाही म्हणाले तर चहाचं त्यांच्याकडे द्या. पण खोलीत असू देत. तुम्ही कविता वाचून दाखवताना कशा दिसता, हे त्यांनी पुन्हा एकदा बघायला हवं.

मिरजेच्या पुढच्या तारखेला जाऊबाईंऐवजी मुलीला सोबत आणा. तिला आधी घरी, तुमच्या तोंडून सगळं सांगून मग आणा. जनुकाच्या चाचणीचं आणि उपशामक विभागाचं, दोन्ही त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या. सचिवांना निरोप मात्र तारखेची वाट न बघता या आठवड्यातच पाठवा.